हे आपल्याकडे होतं

मराठी माणूस सहलीला निघतो तो देवाला, दर्याला, नाहीतर डोंगराला. वस्तुसंग्रहालयात तो आपण होऊन जात नाही, त्याला नेण्यात येतं. पहिल्यांदा शाळा नेते, दोन-दोनच्या रांगेत, एकमेकांचे हात धरायला लावून. मग बऱ्याच वर्षांनी परगावचे पाहुणे आले की तो त्यांना घेऊन जातो, तिकिटं काढून देतो आणि ‘तुम्ही या बघून, आम्ही काय, इथलेच’ असं म्हणून बाहेरच्या बाकावर बसतो. तिसरा योग पावसाचा. महाबळेश्वरला धो धो कोसळायला लागलं आणि हॉटेलात पत्ते कुटून कंटाळा आला की माणसं संग्रहालयाची चौकशी करतात. एरवी नाही.

त्यामुळे जोडून सुट्ट्या आल्या आणि माझ्या नवऱ्याने ‘या वेळी फक्त म्युझियम्स’ असं जाहीर केलं, तेव्हा घरात जी शांतता पसरली ती आदराची नव्हती. धाकट्याने ‘वॉटरपार्क?’ एवढं विचारून पाहिलं. नवरा आयटीत आहे. त्याने आधीच एक्सेलमध्ये तक्ता करून ठेवला होता: ठिकाण, अंतर, लागणारा वेळ, साप्ताहिक सुट्टी. स्वच्छतागृहाचा रकाना मी घालायला लावला, आणि पुढे अख्ख्या प्रवासात तेवढाच रकाना सगळ्यांनी मन लावून वाचला.

सुरुवात पुण्यातल्या केळकर संग्रहालयापासून, मग औंध, मग कोल्हापूर. औंध म्हणजे साताऱ्याकडचं, जुन्या संस्थानाचं. हे ज्याला त्याला सांगत बसावं लागलं, कारण पुण्यात औंध म्हटलं की लोकांना परिहार चौकच दिसतो. आम्ही गाडीत सामान भरत होतो तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, “कुठे दौरा?” सासूबाई म्हणाल्या, “औंधला.” काकूंनी दशम्यांचा डबा, पुऱ्यांचा डबा, चिवडा, पाण्याचा कॅन आणि उशा क्रमाने पाहिल्या आणि म्हणाल्या, “तिकडे हल्ली मिळतं हो सगळं.”

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. ठेवणारा आणि टाकणारा. ठेवणाऱ्या पक्षाचे अध्यक्ष आणि एकमेव सभासद म्हणजे माझे सासरे, अप्पा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण फायली जपायची सवय निवृत्त झाली नाही. त्यांच्याकडे जुन्या घराची विजेची बिलं आहेत. जुनं घर नाही. कुलपं हरवलेल्या किल्ल्या आहेत, किल्ल्या हरवलेली कुलपं आहेत आणि हे दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत आहे, म्हणजे चुकून एकमेकांना लागतील की काय ही भीतीसुद्धा नको. टाकणाऱ्या पक्षाच्या सर्वेसर्वा सासूबाई. ‘वर्षभर लागलं नाही ते घरात नको’ हा त्यांचा एककलमी कार्यक्रम. पेठेतला वाडा पाडायला निघाला आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तांब्याचा बंब, घंगाळ, पितळी डबे, परात, फिरकीचे तांबे असं सगळं मोडीत घातलं आणि त्या वजनात स्टीलचा संपूर्ण संसार घेतला. त्या खरेदीविषयी त्या अजून अभिमानाने बोलतात. अप्पा त्या विषयावर अजून बोलत नाहीत.

हे दोन पक्ष एकाच गाडीत बसवून संग्रहालयं दाखवायला नेण्यात काय धोका आहे, हे एक्सेलला कळत नाही.

गणपतीपुढे नारळ ठेवून, दह्याची कवडी हातावर घेऊन आम्ही निघालो आणि थेट शुक्रवार पेठेत थांबलो. घरून रिक्षाने जाता आलं असतं. पण सहल म्हटली की गाडी काढायची आणि गाडी काढली की पार्किंग शोधायचं. राजा दिनकर केळकर संग्रहालयाला जितका वेळ द्यावा म्हणून तक्त्यात लिहिलं होतं, त्यातला बराचसा बाजीराव रस्त्याला प्रदक्षिणा घालण्यात गेला.

दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला आणि तो आयुष्यभर सुटला नाही. दिवे, अडकित्ते, दौती, गंजिफा, पानाचे डबे, कोरीव दारं, बाहुल्या, वाद्यं. कोथरूडहून मस्तानी महाल उचलून आणून त्यांनी तो इथे पुन्हा उभा केला. मी हे वाचत होते आणि माझ्या मनात एकच प्रश्न येत होता, तो कुठल्याही गृहिणीच्या मनात येईल: घरचे काय म्हणत असतील? माझ्या नवऱ्याने एकदा बुधवारच्या जुन्या बाजारातून ग्रामोफोनचा कर्णा आणला होता. नुसता कर्णा. आठवडाभर आमच्याकडे अबोला होता. इथे एक गृहस्थ महाल घेऊन आला.

१९६२ मध्ये संग्रहालय उभं राहिलं, १९७५ मध्ये केळकरांनी ते महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलं. अप्पांनी माहिती वाचून काढली आणि आम्हाला ऐकवली, “वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडल्यात.”

“म्हणजे बाकीच्या माळ्यावरच की,” सासूबाई म्हणाल्या.

“बघा,” अप्पा म्हणाले, “सरकारसुद्धा माळ्यावर ठेवतं. मोडीत घालत नाही.”

संग्रहालयात शिरल्यावर कुटुंब एकत्र राहू शकत नाही, हा निसर्गनियम आहे. प्रत्येकाची चाल वेगळी. धाकटा तोफा, तलवारी, बंदुका एवढंच बघतो, ते संपलं की संग्रहालय संपलं. तो तिन्ही मजले उरकून खाली येऊन ‘आता काय?’ म्हणून उभा असतो. थोरली आर्किटेक्चरला आहे, ती वस्तू न बघता खांबाचा तळखडा बघते. नवरा प्रत्येक कपाटापुढे थांबून ‘आज याची काय किंमत असेल?’ असं पुटपुटतो. अप्पा वस्तूकडे बघतच नाहीत, पाटी वाचतात. चष्मा कपाळावर, नाक काचेला, ‘पितळ, एकोणिसावं शतक’ हे मोठ्याने, मग पुढची पाटी. वस्तू काय होती ते विचारलं तर सांगता येणार नाही, शतक मात्र तोंडपाठ. आणि सासूबाई. सासूबाई संग्रहालयात आल्या की घरी आल्यासारख्या वागतात.

“हे आपल्याकडे होतं,” पहिल्याच कपाटापुढे त्या म्हणाल्या.

तो पितळेचा सोऱ्या होता. पुढे अडकित्त्यांचं दालन आलं. केळकरांचे अडकित्ते म्हणजे काय सांगावं! कुणी स्त्री-पुरुषाच्या जोडीचा, कुणी पोपटाचा, कुणी घोड्याचा. सुपारी कातरण्यासारख्या कामात माणसाने एवढं मन ओतावं! सासूबाईंनी दालनभर नजर फिरवली, एका साध्याशा अडकित्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हा आपल्याकडे होता.” पाय घासायच्या वज्र्या आल्या, वरती मोर, हत्ती, पक्षी बसवलेल्या. “होती. मोर नव्हता, पण होती.” लामणदिवा होता. पंचपाळं होतं. पाळणा होता, त्याच्या कड्या होत्या. हळूहळू माझ्या लक्षात आलं की आम्ही संग्रहालय बघत नव्हतो, आम्ही सासूबाईंनी काय काय टाकलं त्याची यादी तपासत होतो.

अप्पा पाट्या वाचत वाचत मागून येत होते. त्यांना हे सगळं ऐकू येत होतं. पितळी घंगाळापाशी त्यांचा संयम संपला. “मी म्हणत होतो ठेवा.”

“ठेवलं असतं तर झोपला कुठे असता? घंगाळात?”

तिथला रक्षक मघापासून आमच्यावर लक्ष ठेवून होता. त्याचं काहीच चुकत नव्हतं. ‘वस्तूंना हात लावू नये’ या पाटीखाली उभं राहून सासूबाई एका लाकडी चौकटीवर टिचकी मारून बघत होत्या. तो जवळ आला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, “बाळ, हात लावल्याशिवाय सागवान आहे की काय ते कळणार कसं?” तो म्हणाला, “आजी, पाटीवर लिहिलंय.” त्या म्हणाल्या, “पाटीवर काय, काहीही लिहितील.” अप्पांनी हे ऐकलं नाही म्हणून बरं.

फक्त एका ठिकाणी त्या गप्प झाल्या. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ म्हणजे कुठला राजेमहाराजा नव्हे, केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा, हे थोरलीने त्यांना सांगितलं. त्या थोडा वेळ थांबल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मग ठेवू देत.” अप्पांच्या पक्षाला मिळालेली ही पहिली आणि आतापर्यंतची शेवटची मान्यता.

खंबाटकी घाटात धाकट्याला मळमळलं, त्यावर सुपारी द्यावी की आवळासुपारी यावर एक वाद झाला, तो सोडून देते. साताऱ्याला महामार्ग सोडून रहिमतपूरवरून औंधला गेलो. रस्ता उसाच्या ट्रॉल्यांमागून जातो. पुढची ट्रॉली गाणी मोठ्याने लावते आणि ओलांडू देत नाही, त्यामुळे सगळी गाणी पूर्ण ऐकायला मिळतात.

औंध हे गाव बघून इथे संग्रहालय असेल असं वाटत नाही. यमाईचा डोंगर, खाली गाव, आणि डोंगराच्या अंगावर श्रीभवानी संग्रहालय. संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये बांधलं. हा राजा मला फार आवडला. स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा, आणि सूर्यनमस्काराचं त्याला वेड होतं. नुसता घालायचा नाही, प्रजेलाही घालायला लावायचा. शाळांत सक्ती होती. सूर्यनमस्कारांवर त्याने पुस्तक लिहिलं. ही माहिती कळताच अप्पांनी नवऱ्याच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि ‘राजे असे असायचे’ एवढंच म्हणाले.

आत रविवर्मांची मूळ तैलचित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, बाबूराव पेंटरांचं काम आहे. युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकला आहेत. थोरली पहिल्यांदाच फोन खिशात ठेवून बघत होती. सासूबाई रविवर्म्याच्या एका नायिकेपुढे उभ्या राहिल्या आणि मला कळलं आता काय येणार.

“ही आपल्याकडे—”

“आई, हे ओरिजिनल ऑइल पेंटिंग आहे,” नवरा घाईने म्हणाला.

“हिची बहीण असेल. लक्ष्मी. देवघराच्या वर होती, काचेच्या फ्रेममध्ये.”

आणि यात त्या चुकल्या नव्हत्या. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि त्या दगडी छपाईतून त्याच्या लक्ष्म्या आणि सरस्वत्या घराघरात जाऊन बसल्या. बडोद्याच्या आणि औंधच्या राजांच्या भिंतीवर जे होतं, तेच चार आण्यांच्या कागदावर पेठेतल्या बिऱ्हाडात लागलं. फ्रेमचं काय झालं ते मी विचारलं नाही. काच भंगारात जाते, एवढं मला माहीत आहे.

पण औंधला माणसं खरी जातात ती एका दगडासाठी. हेन्री मूर हा विसाव्या शतकातला जगप्रसिद्ध ब्रिटिश शिल्पकार. त्याची शिल्पं लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत असतात आणि एक सातारा जिल्ह्यात. ‘मदर अँड चाइल्ड’. आई आणि मूल, दगडातलं, नाकडोळे कोरण्याच्या फंदात न पडलेलं, नुसते गोलसर, गुळगुळीत उंचवटे. भवानरावांचा रविवर्म्यावर जीव होता. त्याच माणसाने हेही घेऊन ठेवावं, यात मला त्याची खरी श्रीमंती दिसली. थोरलीने आम्हाला उभं करून समजावून सांगायला सुरुवात केली. आकार कसा सोपा केला आहे, आई आणि मूल वेगळे कसे काढता येत नाहीत, दगडाने आपलं दगडपण कसं सोडलेलं नाही. नवऱ्याने किंमत विचारली नाही, एवढा तो दबला होता. अप्पांनी पाटी वाचली. सासूबाई कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत होत्या.

“वरवंटा आहे हा,” त्या म्हणाल्या.

“आजी!”

“अगं, बारशाला नाही का आपण करत? वरवंट्याला कुंची घालायची, काजळाची तीट लावायची आणि बाळाच्या आधी त्याला पाळण्याखालून-वरून द्यायचं. गोप्या म्हणतात त्याला. तुझ्या बारशालाही केला होता. तसाच आहे हा. दगडाचं बाळ.” मग थोडं थांबून, “नाक-डोळे कशाला लागतात? वरवंट्याला कुठे असतात? तरी सगळ्या बायका त्याला छातीशी धरतात.”

थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या कॉलेजात हेन्री मूरवर एक अख्खं व्याख्यान झालं होतं. त्यात हे आलं नव्हतं, असं तिने मला रात्री सांगितलं.

“आणि तो वरवंटा कुठे आहे?” अप्पांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. मिक्सर आला तेव्हा पाटा-वरवंटा सासूबाईंनी धुणंवाल्या बाईंना देऊन टाकला होता.

या भवानरावांनी १९३९ मध्ये आपल्या संस्थानाला राज्यघटना दिली आणि कारभार लोकांच्या हाती सोपवला, गावोगावच्या पंचायतींपर्यंत. गांधीजींचा त्यात हात होता. अप्पा डोंगर उतरताना याच विचारात होते. “राज्य देऊन टाकलं,” ते म्हणाले, “पण चित्रं ठेवली. काय ठेवायचं ते ज्याला कळतं तो राजा.” हे वाक्य त्यांनी सासूबाईंना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हटलं. त्या पायऱ्या मोजत होत्या.

पुसेसावळीवरून कराडला येऊन पुन्हा महामार्ग धरला. कोल्हापूरला मुक्काम. तांबडा-पांढरा रस्सा झाला, धाकटा पहिल्यांदा खूश दिसला आणि ‘हे म्युझियम चांगलं आहे’ असं हॉटेलविषयी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कणेरी मठ. सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय हे आपल्या समजुतीतलं संग्रहालयच नव्हे. इथे वस्तू काचेत नाहीत, गावच्या गाव उघड्यावर मांडलं आहे. तीनशेच्या आसपास माणसं, सिमेंटची, पूर्ण मापाची. कुंभार चाकावर, लोहार भात्याशी, न्हावी झाडाखाली गिऱ्हाईकाची हजामत करतोय, बाया पाणी भरतायत, शेतात औत चाललंय. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, ज्यांची यादी आपण शाळेत पाठ केली आणि पेपर झाल्यावर विसरलो, ते सगळे इथे आपापल्या कामाला लागलेले. पुतळ्यांच्या दंडाच्या शिरा, बैलाच्या मानेची वळकटी, म्हातारीच्या गालाची खळगी, सगळं इतकं चोख की आपण ‘जरा सरका’ म्हणून जातो.

लाकडी नांगरापाशी अप्पांनी आम्हाला थांबवलं. काल बघितलेल्या औंधच्या राजानेच १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली, तिथे किर्लोस्करवाडी वसली, तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले, आणि म्हणून हा लाकडी नांगर इथे येऊन बसला. अप्पांचं असं असतं. एका ठिकाणची पावती ते दुसऱ्या ठिकाणच्या फायलीला लावतात आणि बरोबर लागते.

सासूबाईंना कणेरी अतिशय आवडलं. ‘हे आपल्याकडे होतं’ म्हणायला वस्तू होत्याच, पण इथे माणसंही होती. “हा आमच्या आजोळचा सुतार. हाच.” “ही अशीच बसायची आमची मोठी काकू, पाय पसरून.” एका घराच्या ओसरीवर दळण चाललं होतं. सासू बसलेली, सून खाली मान घालून जातं ओढतेय. सासूबाईंनी त्या सुनेकडे फार प्रेमाने पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघ. एवढी वर्षं झाली, एकदाही मान वर केलेली नाही.”

“सिमेंटची आहे ती, आई.”

“तेच म्हणते मी.”

या सगळ्यात नवरा मागे राहिला होता. सुट्टी असली तरी त्याचा कॉल असतो. बोलायचं नसतं, फक्त असायचं असतं. तो एका झाडाखाली, कानाला इअरफोन लावून, हातात फोन धरून, मान किंचित खाली घालून उभा होता. डोळ्यांची पापणीही लवत नव्हती. कुठलातरी पुतळा त्याच्या शेजारी वही उघडून हिशेब करत होता, तो याच्यापेक्षा जिवंत वाटत होता. बेळगावकडचं एक कुटुंब समोर येऊन थांबलं. त्यांची चिमुरडी बराच वेळ निरखून बघत होती. मग तिने विचारलं, “आई, हा कुठला बलुतेदार?”

आईने पाटी शोधली. मिळाली नाही. “असेल कुणी नवीन,” ती म्हणाली, आणि ते पुढे गेले.

मी त्यांना थांबवून खुलासा केला नाही. विचार केला तर ती चुकली होती असंही नाही. बलुतेदाराला गावाने रोज पैसे द्यायचे नसतात, वर्षाच्या शेवटी सुगीला त्याच्या पदरात काही घालायचं, आणि ते किती हे पाटलाच्या मर्जीवर. नवऱ्याची सुगी एप्रिलमध्ये येते. आदल्या महिनाभर तोही पाटलाविषयी जपून बोलतो. शिवाय काम काय करतो ते गावातल्या कुणालाच नीट सांगता येत नाही, पण तो नसला तर गाव अडतं असं सगळे म्हणतात.

न्यू पॅलेस थोडक्यात सांगते, कारण तिथे आम्ही थोडक्यातच राहिलो. १८७७ ते १८८४ मध्ये मेजर मँटच्या आराखड्यावर बांधलेला हा काळ्या दगडाचा राजवाडा. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्र आहे, ते थोरलीने मान मोडेपर्यंत बघितलं. धाकटा मात्र शिकारीच्या दालनातून हलेना. पेंढा भरलेले वाघ, गवे, अस्वलं, सगळी आपल्याकडेच बघणारी. इथे तरी सासूबाईंना काही म्हणता येणार नाही अशा समजुतीत आम्ही होतो.

“वाघ नव्हता,” त्या विचार करून म्हणाल्या, “पण नख होतं. तुझ्या सासऱ्यांच्या गळ्यात. लहान मुलांना दृष्ट लागू नये म्हणून सोन्यात मढवून घालायचे.”

अप्पांनी आजूबाजूला पाहिलं. “हळू बोल.”

“आता कशाला हळू? सोनं मोडून कधीच बांगड्या झाल्या. नख तेवढं तुमच्याकडे आहे, किल्ल्यांच्या डब्यात.”

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली काय काय येतं, याची माहिती अप्पांना खात्यात असताना असावी. ते ताबडतोब बाहेर पडले आणि गाडीत जाऊन बसले.

शेवटचा थांबा तक्त्यात सर्वात खाली, बारीक अक्षरात होता: टाऊन हॉल संग्रहालय. हीसुद्धा मँटचीच इमारत. सगळे दमले होते, चिवडा संपला होता, धाकट्याने ‘यात बंदूक आहे का?’ हे आधीच विचारून घेतलं. नवरा म्हणाला, एकच वस्तू बघायची आहे. तीही वीतभर. पण ती बघितल्याशिवाय घरी जायचं नाही.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचं टेकाड आहे. १९४५च्या आसपास तिथे उत्खनन झालं, डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षितांनी ते केलं. त्या टेकाडात कांस्याच्या वस्तूंचा एक साठा सापडला. भांडी, आरसे, आणि त्यात एक छोटी मूर्ती, दाढीवाला, उघडाबंब, तगडा गृहस्थ एक हात उंचावून उभा. पोसायडन. ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रदेव. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कोकणातल्या बंदरांत रोमशी व्यापार चालायचा, तिथून कुणीतरी हा देव घाट चढवून करवीरात आणला. समुद्राचा देव, आणि जवळपास समुद्र नाही. पंचगंगेवर भागवून घेतलं असणार त्याने.

आम्ही सगळे त्याच्यापुढे उभे होतो. आणि मग एकेकाची नजर सासूबाईंकडे गेली. थोरलीने तर श्वास धरला होता. केळकरांच्या अडकित्त्यांपासून इथपर्यंत एकही वस्तू अशी नव्हती की जी आपल्याकडे नव्हती. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पोसायडनला समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं.

“नाही बाई,” त्या म्हणाल्या. “हा नव्हता.”

नवऱ्याला इतकं समाधान झालं की त्याने तक्त्यात टिक केली. तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला. त्यांची पाटी वाचून झाली होती.

“ब्रह्मपुरी म्हणजे माझं आजोळ. आजोबांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. आम्ही पोरं त्या टेकाडावरच हुंदडायचो, काठीने उकरायचो.” ते मूर्तीकडे बघत राहिले. मूर्तीकडे बघण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. “माझा जन्म सत्तेचाळीसचा. दहा-पंधरा वर्षं आधी झाला असता आणि सांकलियांच्या आधी मी उकरलं असतं तर... हा आपल्याकडे असता.”

सासूबाईंनी अप्पांकडे वळून पाहिलं. मग काचेजवळ वाकल्या, पोसायडनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अप्पांना विचारलं,

“अहो, वजनाला किती भरेल?”